गंड की पताकास्थानक? : एका नाट्ययुक्तीच्या नावाची हकीकत

बाहेर पडताना "जातो" म्हटले, तर घरातले वडील माणूस अजूनही मागून हाक मारते, "जातो म्हणू नये, येतो म्हणावे." दुकानदार रात्री दुकान बंद करीत नाही, वाढवतो. देवापुढे नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. हातातली बांगडी फुटली, तरी ती फुटली असे बायका म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. रागाच्या भरात कोणी काही अभद्र बोलून गेले, तर "वास्तू तथास्तु म्हणत असते" हे वाक्य ठरलेले. आणि ज्याचे नाव काढावे तोच नेमका दारात उभा राहिला, तर त्याला शंभर वर्षांचे आयुष्य बहाल करून आपण मोकळे होतो. या सगळ्या बोलण्यामागे धारणा एकच. तोंडातून निघालेला शब्द ज्याच्यासाठी उच्चारला त्याच्यापाशीच थांबतो असे नाही. तो भलत्याच ठिकाणी जाऊन लागू शकतो.

ज्या नाट्ययुक्तीविषयी आम्ही आज बोलणार आहोत, तिचे मूळ याच धारणेत आहे असे आमचे मत आहे. संस्कृत नाटककारांनी ती फार जुन्या काळापासून वापरली. शास्त्रकारांनी तिला नाव दिले. एक नव्हे, दोन दिली. त्या दोन नावांचा पुढे असा गुंता झाला की युक्ती आजही रंगभूमीवर आणि पडद्यावर जिवंत असताना तिचे नाव मात्र मराठी प्रेक्षकाच्या ओठांवर नाही. "गंड" हा शब्द आपल्याला ठाऊक आहे, पण तो न्यूनगंडातला आणि अहंगंडातला. मानसशास्त्राने तो शब्द आपल्याकडे नेला आणि नाटकाने तो परत मागितला नाही.

शास्त्रीमंडळींची रीत अशी की आधी लक्षण सांगायचे, मग उदाहरण. आम्ही ती उलटी करतो. जेवायला बसलेल्या माणसाला ताटाचे वजन सांगत बसण्यात अर्थ नाही.

भवभूती हा आपल्या विदर्भाचा नाटककार. आपल्या घराण्याचे गाव पद्मपूर, असे त्याने नाटकाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पदमपूर असे ठरवले. आठव्या शतकाच्या आरंभीचा हा कवी. त्याचे उत्तररामचरित कालप्रियनाथाच्या यात्रेसाठी लिहिलेले आहे, म्हणजे समोर बसलेला समाज पंडितांचाच होता असे नव्हे. पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्या वनवासाची चित्रे पाहतात. चित्रे पाहता पाहता गरोदर सीता थकते आणि रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते. झोपलेल्या पत्नीकडे पाहत राम स्वतःशी बोलतो. तिचा स्पर्श, तिचा हात, तिचे सारेच त्याला प्रिय आहे. तिच्या संबंधात असह्य अशी वस्तू एकच, ती म्हणजे विरह. हे शब्द हवेत आहेत तोच द्वारपालिका आत येते आणि म्हणते, महाराज, उपस्थित झाला आहे.

राम दचकून विचारतो, कोण? ती सांगते, महाराजांचा निकटचा सेवक दुर्मुख.

एवढेच. द्वारपालिकेने आपले रोजचे काम केले. तिने रामाचे बोलणे ऐकलेले नाही. रामाने तिला काही विचारलेले नाही. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलले. पण दोन वाक्ये शेजारी पडली आणि त्यांच्यामधून तिसरेच वाक्य तयार झाले, जे दोघांपैकी कोणीही बोललेले नाही. ते फक्त आपण ऐकले.

दुसरा प्रसंग विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसातला. पहिल्याच अंकात चाणक्य विचारात पडला आहे. नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस हाती कसा लागेल, हा त्याचा एकच ध्यास. तो मनाशी म्हणतो, तो राक्षस एकदाचा पकडला जाईल का? त्याच क्षणी त्याचा हेर सिद्धार्थक म्हणतो, आर्य, गृहीत. चाणक्याचे मन आनंदाने उसळते. राक्षस सापडलाच, असे तो मनात म्हणून घेतो आणि मग उघडपणे विचारतो, अरे, काय गृहीत? सिद्धार्थक उत्तर देतो, आपला निरोप. म्हणजे निरोप नीट ध्यानात घेतला, आता निघतो. येथे गंमत अशी की पात्र स्वतःच तो शकुन ऐकते आणि पदरात बांधून घेते. चाणक्यासारखा हिशेबी माणूस, पण आपल्या आजीइतकाच तोही "तथास्तु" मानणारा. नाटकाच्या शेवटी राक्षस हाती लागतो, पण मारला जात नाही. चंद्रगुप्ताचा अमात्य होतो. शकुन खोटा ठरत नाही, चाणक्याला वाटला त्याहून चांगल्या रीतीने खरा ठरतो.

तिसरा प्रसंग या सर्वांत जास्त गाजलेला, भट्टनारायणाच्या वेणीसंहाराच्या दुसऱ्या अंकातला. हा अंक सबंधच दुहेरी अर्थाच्या शब्दांवर उभा आहे. दुर्योधनाची राणी भानुमती हिला वाईट स्वप्न पडले आहे : एका मुंगसाने शंभर सापांना मारले. ती मैत्रिणींना ते सांगत असताना दुर्योधन आडून ऐकतो. मुंगसाला संस्कृतात नकुल म्हणतात. दुर्योधनाला वाटते की ही माद्रीच्या मुलाविषयी बोलते आहे, आणि तो पत्नीच्या शीलाविषयीच संशय घेऊ लागतो. पुढे संशय फिटतो. मग वादळ सुटते, दोघे आडोशाला येतात, आणि तो तिला म्हणतो की तुला बसायला माझ्या दोन मांड्या पुरेशा आहेत. इतक्यात वृद्ध कंचुकी धावत येतो : महाराज, भग्न झाले, भग्न झाले! कोणी? भीमाने. कोणाचे? आपले. राजा संतापतो, म्हातारा काय बरळतो आहे? तेव्हा खुलासा होतो. भीम म्हणजे भयंकर, अशा वाऱ्याने आपल्या रथावरचे निशाण मोडले.

महाभारत ठाऊक असलेल्या माणसाला यावर भाष्य नको. भीम हा वायूचाच पुत्र, हेही भट्टनारायण विसरलेला नाही.

चौथे उदाहरण भासाच्या नावावर असलेल्या प्रतिज्ञायौगंधरायणातले. उज्जयिनीचा राजा प्रद्योत राणीशी मुलीच्या लग्नाची गोष्ट बोलत बसला आहे. कोणकोणत्या राजांकडून मागणी आली ते तो सांगतो आणि विचारतो, यांतला कोणता तुला योग्य वाटतो? तोच कंचुकी घाईघाईने शिरतो आणि म्हणतो, वत्सराज! त्याला सांगायचे आहे की वत्सराज उदयन कैद झाला. पण वार्ता आनंदाची, तोंडून आधी नावच बाहेर पडते, आणि वासवदत्तेचा नवरा ठरून जातो. आईबापांनी नाव काढले नव्हते. म्हाताऱ्याच्या घाईने काढले. ही नाटके गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून प्रसिद्ध केली. मुद्राराक्षसाची न्यायमूर्ती तेलंगांनी संपादलेली आवृत्ती १८८४ सालची, काव्यमालेतले नाट्यशास्त्र मुंबईत छापले गेले ते १८९४ साली. म्हणजे या युक्तीचा कदाचित सर्वांत जुना आणि सर्वांत प्रसन्न नमुना आधुनिक अभ्यासकांच्या हाती सर्वांत शेवटी आला. आम्हांला वाटते, तो आधी आला असता तर ही युक्ती केवळ अशुभ सूचनेची, हा समज इतका बळावला नसता.

आता नावाकडे वळू. भरताच्या नाट्यशास्त्रात, बडोद्याच्या प्रतीप्रमाणे एकोणिसाव्या आणि दुसऱ्या काही प्रतींप्रमाणे एकविसाव्या अध्यायात, पताकास्थानक म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. मनात एक अर्थ चाललेला असताना अनपेक्षितपणे त्याच जातीचा दुसरा अर्थ पुढे येणे, हे तिचे स्वरूप. तिचे चार प्रकार दिले आहेत, आणि त्यांतल्या तिसऱ्यात दुहेरी अर्थाचे उत्तर असावे असे म्हटले आहे. ही आपली युक्ती. पण त्याच ग्रंथात वीथी नावाच्या रूपकाची तेरा अंगे सांगितली आहेत आणि त्यांत गंड आहे. तेथे गंड म्हणजे काय? तर आवेग, गडबड, वाद, दोषारोप यांनी भरलेले बोलणे. दुहेरी अर्थाचे तेथे नाव नाही.

पुढे दहाव्या शतकाच्या शेवटी माळव्यात परमार राजा मुंज याच्या पदरी धनंजय झाला. हाच तो मुंज, जो मंत्र्याचे न ऐकता गोदावरी उतरून तैलपावर चालून आला आणि कैद झाला, अशी कथा मेरुतुंगाने लिहून ठेवली आहे. शकुनशास्त्र पदरी बाळगून उपयोग नसतो, ते ऐकावे लागते! असो. धनंजयाने दशरूपक नावाचा आटोपशीर ग्रंथ रचला आणि नाट्यशास्त्राचा पसारा आवरला. आवरताना त्याने दोन गोष्टी केल्या. पताकास्थानकाचे चार प्रकार काढून दोनच ठेवले, एक प्रसंगाच्या सारखेपणावर आणि दुसरा विशेषणांच्या सारखेपणावर आधारलेला. आणि गंडाचे लक्षणच बदलले. चालू विषयाशी जुळणारे, पण मुळात वेगळ्या अर्थाचे, एकाएकी उच्चारलेले बोल म्हणजे गंड, असे त्याने ठरवले. त्याचा टीकाकार धनिक याने उदाहरण दिले ते वर सांगितलेलेच : रामाचा विरह आणि द्वारपालिकेचे "उपस्थित".

हा बदल का झाला असावा? आमचा तर्क असा. भरताच्या लक्षणात संभ्रम, म्हणजे गडबड, हा शब्द आहे. गडबडीने आत शिरणारा माणूस अर्धे वाक्य बोलतो. अर्धे वाक्य शेजारच्या वाक्याला चिकटते. भरताने गडबड पाहिली, धनंजयाने तिचा परिणाम पाहिला. नाव तेच राहिले, पण बोट एका वस्तूवरून उचलून तिच्या शेजारच्या वस्तूवर ठेवले गेले. शब्दांच्या इतिहासात असे नेहमी घडते.

पताका या शब्दाचीही एक हकीकत आहे. नाट्यशास्त्रात पताका म्हणजे नाटकातले दूरवर चालणारे उपकथानक. रामकथेत सुग्रीवाचे कथानक तसे. मग पताकास्थानकाचा त्याच्याशी संबंध काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो आणि पुष्कळ जण दोन्हींची गल्लत करतात. धनिकाने सोपा उलगडा केला : पुढे येणाऱ्या गोष्टीची पताकेप्रमाणे आगाऊ सूचना देते, म्हणून हे नाव. पालखी दिसण्याआधी पताका दिसतात, हे पंढरीच्या वाटेवर उभे राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

मग चौदाव्या शतकात ओरिसात विश्वनाथ झाला. त्याचा साहित्यदर्पण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. विश्वनाथ सौम्य स्वभावाचा संग्राहक. त्याने भरताचे चार प्रकार परत घेतले आणि धनंजयाचा गंडही ठेवून घेतला. आता दोन्हींना उदाहरण द्यायला हवे. त्याने काय केले? गंडाला उदाहरण दिले वेणीसंहारातल्या मांड्यांचे आणि "भग्न" शब्दाचे. आणि तिसऱ्या पताकास्थानकाला उदाहरण दिले तेही वेणीसंहारातले, तोच कंचुकी, तेच "भग्न", फक्त पुढची "कोणी? भीमाने" ही प्रश्नोत्तरे धरून. एकाच ग्रंथात, एकाच परिच्छेदात, एकाच म्हाताऱ्याच्या गळ्यात दोन नावांच्या चिठ्ठ्या!

याची थट्टा करणे सोपे आहे आणि पुष्कळांनी संस्कृत साहित्यशास्त्राच्या वर्गीकरणाच्या हौसेवर तशी केलीही आहे. आम्ही मात्र विश्वनाथाला अगदीच दोषी धरणार नाही. नीट पाहिले तर त्या प्रसंगात खरोखरच दोन घटना आहेत. पहिली अशी की दुर्योधनाचे वाक्य पुरे होते ना होते तोच "भग्न" हा शब्द त्याला येऊन चिकटतो. येथे उत्तर नाही, केवळ आघात आहे. दुसरी अशी की नंतर राजा विचारतो आणि कंचुकी उत्तरे देतो, आणि प्रत्येक उत्तर राजाच्या प्रश्नाला बरोबर असूनही चुकीचे आहे. रामाच्या प्रसंगात पहिली घटनाच आहे, दुसरी येऊ घातली तोच संपते. भासाच्या प्रसंगातही पहिलीच. एका शब्दाच्या आघाताला गंड म्हणावे आणि लांबलेल्या दुहेरी प्रश्नोत्तरांना पताकास्थानक, अशी वाटणी विश्वनाथाच्या मनात असेल तर ती समर्थनीय आहे. त्याने ती शब्दांत सांगितली असती तर बरे झाले असते.

याच दुसऱ्या अंकाविषयी काश्मीरच्या मम्मटाचे मत मात्र कठोर आहे. एकीकडे वीरांचा संहार चालला असताना दुर्योधनाने राणीशी शृंगार करीत बसणे, हा अवेळी रसविस्तार होय, असे काव्यप्रकाशात रसदोषांच्या यादीत त्याने नोंदवले आहे. आता पाहा. एका शास्त्रकाराच्या मते हा अंक दोषाचे उदाहरण, दुसऱ्याच्या मते त्यातलेच वाक्य गुणाचे उदाहरण. दोघेही खरे आहेत, आणि तेच मुद्द्याचे आहे. दुर्योधन त्या वेळी मांडीची गोष्ट बोलत नसता, तर "भग्न" शब्दाला चिकटायला जागाच नव्हती. भरसभेत ज्या मांडीवर त्याने द्रौपदीला बसायला सांगितले होते, तीच मांडी तो आता राणीला देऊ करतो. हा शृंगार अवेळी आहे म्हणूनच शब्द लागतो. मम्मटाने दोष बरोबर ओळखला; पण नाटककाराने तो दोष विकत घेऊन त्याच्या बदल्यात काय मिळवले, याचा जमाखर्च त्याने मांडला नाही.

युक्तीची घडण कशी असते हे पाहायचे तर व्याकरणात शिरावे लागेल. फार वेळ नाही शिरणार. या प्रसंगांतले शब्द पाहा : उपस्थित, गृहीत, भग्न. तिन्ही भूतकाळवाचक विशेषणे, आणि तिन्हींना कर्ता किंवा विशेष्य जोडलेले नाही. संस्कृतात आणि प्राकृतात असे अर्धे वाक्य चालते. पण लिंग जुळावे लागते. विरह पुल्लिंगी, दुर्मुख पुल्लिंगी, म्हणून "उपस्थित" दोघांनाही बसते. राक्षस पुल्लिंगी, संदेश पुल्लिंगी. मांड्यांसाठी भट्टनारायणाने "जोडी" या अर्थाचा नपुंसकलिंगी शब्द योजला आहे, आणि निशाणासाठी "केतन" हाही नपुंसकलिंगी. मांडी मांडीच्या रूपात आली असती, किंवा निशाणाला ध्वज म्हटले असते, तर वाक्य मोडले असते आणि मांडी शाबूत राहिली असती. ऐकणाऱ्याला हे सहज घडल्यासारखे वाटते. लिहिणाऱ्याने मात्र शब्दांची जुळवाजुळव फार आधीपासून करून ठेवलेली असते.

म्हणून भाषांतरकाराची येथे परीक्षा होते. परशुरामतात्या गोडबोले यांनी वेणीसंहार १८५७ साली आणि उत्तररामचरित १८५९ साली मराठीत आणले. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी मुद्राराक्षस आणले. आपण स्वतःला त्यांच्या जागी बसवून पाहावे. उत्तररामचरितात अडचण नाही. विरह मराठीतही तो विरह, दुर्मुख तो दुर्मुख; "आला" म्हटले की काम भागते, आणि उपस्थित होण्यापेक्षा "आला" हा शब्द मराठी कानाला अधिक जवळून लागतो. मुद्राराक्षसात पंचाईत होते. राक्षस पकडला जातो, निरोप पकडला जात नाही. निरोप ध्यानात घेतला जातो, राक्षस ध्यानात घेऊन काय करायचा? दोघांनाही बसेल असा एक शब्द मराठीत सहज मिळत नाही. "मिळाला" म्हटले तर काम चालते, पण चाणक्याच्या दातओठांतली पकड सुटते. वेणीसंहारात "मांडी" स्त्रीलिंगी, आणि निशाण मोडते, मोडली जात नाही. येथे आम्ही बराच वेळ डोके खाजवले, आणि शेवटी जो शब्द सुचला तो शास्त्रकारांनीच पुरवला होता. रथावरची पताका! मांडी आणि पताका, दोन्ही स्त्रीलिंगी : "मोडली, महाराज, मोडली!" पुढे "भीमाने" यात मात्र मराठीचे हात टेकतात. भीम म्हणजे भयंकर हा अर्थ मराठीत भीमपराक्रमासारख्या जोडशब्दांत दडून राहिला आहे. नुसत्या "भीमाने" या शब्दातून वारा ऐकू येत नाही.

या युक्तीला युरोपातही भाऊबंद आहेत. ओदिसीच्या विसाव्या सर्गात ओदिसियस देवाकडे शकुन मागतो, आणि दळण दळणारी एक थकलेली दासी, हे या मागणीदारांचे शेवटचे जेवण ठरो, असे आपल्याच त्राग्याने बोलते. ओदिसियस ते आपल्यासाठी धरतो आणि आनंदतो. ग्रीक लोकांत अशा कानावर पडलेल्या शब्दाला शकुन मानण्याची रीत होती; आपल्याकडे तिला उपश्रुती म्हणत, आणि महाभारताच्या उद्योगपर्वात उपश्रुती ही देवीच आहे, ती शचीला हरवलेल्या इंद्राकडे घेऊन जाते. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये राजा डंकन, ज्याच्यावर आपण पुरा विश्वास टाकला होता त्या कॉडरच्या सरदाराविषयी खंत बोलून दाखवतो, आणि त्याच क्षणी तोच किताब नुकताच मिळालेला मॅकबेथ आत येतो. येथे दुसरा माणूस बोलतही नाही. त्याचे नुसते येणे हेच उत्तर.

इंग्रजीत या सगळ्या प्रदेशाला नाव मिळाले ते १८३३ साली. पुढे बिशप झालेले कॉनप थर्लवॉल यांनी सोफोक्लीसच्या उपरोधावर निबंध लिहिला, आणि पात्राला न कळणारा पण प्रेक्षकाला कळणारा अर्थ, या गोष्टीकडे समीक्षेचे लक्ष वेधले. आमच्याकडे यावर एक उत्साही उद्गार ठरलेला असतो : हे आमच्या भरताने केव्हाच सांगून ठेवले होते! आम्ही त्या उद्गारात सामील होत नाही. थर्लवॉलने ज्याला नाव दिले ते क्षेत्र फार मोठे आहे. ईडिपस खुन्याला शाप देतो तेव्हा तो एकटाच बोलतो, त्याला दुसऱ्या कोणाचे अर्धे वाक्य लागत नाही. गंड ही त्या मोठ्या वाड्यातली एक लहान खोली आहे. पण त्या खोलीचे मोजमाप आमच्या लोकांनी फार काटेकोर घेतले होते, हे खरे. शब्द एकाएकी यावा, चालू विषयाशी जुळावा, मूळ अर्थ वेगळा असावा : तीन अटींत सारे आले.

सारे म्हणतो, पण एक गोष्ट राहिली. या लक्षणांच्या शब्दांत प्रेक्षक कोठेच नाही. अर्थ, वचन, उत्तर, सूचना, सर्व काही आहे, ऐकणारा नाही. आणि ही युक्ती तर ऐकणाऱ्याच्या कानातच पुरी होते. रामकथा माहीत नसलेल्या माणसाला द्वारपालिकेचा शब्द म्हणजे एक वर्दी. गदायुद्ध माहीत नसलेल्याला कंचुकी हा नुसता घाबरट म्हातारा. शास्त्रकारांना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? रसचर्चेत सहृदयाला त्यांनी केवढे स्थान दिले! येथे त्यांनी त्याला वगळले, कारण त्याला सांगावे लागत नव्हते असे आम्हांला वाटते. कथा सर्वांना पाठ होती, आणि कानावर पडलेला शब्द लागतो ही समजूत राजापासून दासीपर्यंत सर्वांची होती. जे हवेसारखे सगळीकडे असते ते व्याख्येत कोणी लिहीत नाही.

आज त्यातले अर्धे गेले आहे. शकुनावर विश्वास नाही असे आपण म्हणतो, निदान दिवसा म्हणतो. नवे नाटक, नवा चित्रपट पाहायला जाताना कथाही पाठ नसते. तरीही चित्रपटात एखादे पात्र मान हलवून सांगते की त्या घराची पायरी मी जन्मात चढणार नाही, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर त्या घराचा जिना आणि त्यावरची त्याची पावले दिसतात, तेव्हा सारे थिएटर हसते. कंचुकीचे काम आता कात्रीने केले आहे. दोन तुकडे शेजारी ठेवले, तिसरे वाक्य प्रेक्षकाने जुळवले. परंतु येथे शब्द लगेच पुरा होतो आणि लगेच संपतो. पूर्वीच्या नाटकात तो पेरला जाई आणि पाच अंकांनी उगवे.

पुन्हा भवभूतीकडे जाऊ, कारण त्याच्या प्रसंगात एक गोष्ट अशी आहे की जी इतर तिघांत नाही आणि जिच्यासाठी शास्त्रात वेगळे नाव काढलेले नाही. इतर ठिकाणी खुलासा झाला की धक्का ओसरतो. राक्षस नव्हे, निरोप. मांडी नव्हे, निशाण. दुर्योधन चिडतो, मग सावरतो. चाणक्य हसतो. खुलाशाचा अर्थ निरुपद्रवी असतो आणि खरा अर्थ पुढच्या अंकांसाठी मागे उरतो. उत्तररामचरितात राम विचारतो, कोण? आणि उत्तर येते, दुर्मुख. रामाचा जीव भांड्यात पडतो; विरह नव्हे, घरचाच सेवक. पण प्रेक्षकाला ठाऊक आहे की नगरातल्या लोकांचे बोलणे ऐकून यायला पाठवलेला हा माणूस काय घेऊन आला आहे. विरह आणि दुर्मुख ही दोन उत्तरे नाहीतच, एकच आहे. द्वारपालिकेने चूक दुरुस्त केली असे रामाला वाटते. वस्तुतः तिने विरहाचे नाव आणि हुद्दा सांगितला.

सीता झोपलेलीच आहे. दुर्मुख आत येतो. तो काय सांगतो ते भवभूती आपल्याला ऐकू देत नाही. नाटकात तेथे रंगसूचना आहे की तो रामाच्या कानाशी लागून बोलतो. जो शब्द कोणाला उद्देशून नव्हता तो सबंध यात्रेने ऐकला, आणि जी बातमी सांगायलाच माणूस आला ती मात्र एकट्या रामाच्या कानात गेली.